पिकअपला ‘ऑल टेरेन’ टायर टाकायचे? आधी पाऊस, मग वजन, मग आवाज आणि शेवटी रूप

दिसायला रांगडा, चालायला शांत आणि कोणत्याही रस्त्यावर चालणारा असा एकच टायर मिळतो का? रत्नागिरीच्या पावसात, घाटात आणि कातळावर पिकअप चालवणाऱ्यांनी टायर निवडताना कोणता क्रम लावावा, याचे विश्लेषण.

आंब्याचा हंगाम आटोपतो, हातात चार पैसे असतात आणि पाऊस दाराशी येऊन ठेपलेला असतो. गाडीचे टायर बदलण्याचा विचार रत्नागिरीत साधारण याच दिवसांत होतो. अलीकडे पिकअपवाल्यांची एक मागणी वाढली आहे. मोबाइलवर फोटो दाखवायचा, जाड ठोकळ्यांची नक्षी आणि कडेला पांढरी अक्षरे असलेला टायर दाखवायचा आणि ‘असाच पाहिजे, पण आवाज नको’ असे सांगायचे. ही मागणी गैर नाही. मात्र या एका वाक्यात दोन परस्परविरोधी गोष्टी आहेत आणि सर्वांत महत्त्वाची तिसरी गोष्ट त्यात नाहीच. ती म्हणजे ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत पडतो. त्यामुळे इथे टायर निवडणे ही केवळ हौसेची बाब राहत नाही.

एच/टी, ए/टी आणि एम/टी म्हणजे काय?

पिकअप आणि एसयूव्हीच्या टायरचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. ‘एच/टी’ म्हणजे हायवे टेरेन. याची नक्षी बारीक, खाचा उथळ आणि मधली पट्टी बहुधा सलग असते. डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यासाठी तो बनवलेला असतो. ‘एम/टी’ म्हणजे मड टेरेन. मोठे सुटे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये चिखल बाहेर फेकला जाईल इतक्या रुंद खाचा ही त्याची ओळख. ‘ए/टी’ म्हणजे ऑल टेरेन, या दोघांमधला.

नावात ‘ऑल’ असले, तरी हा टायर सगळीकडे सर्वोत्तम नसतो. तो सगळीकडे ‘चालून जाईल’ असा असतो. रस्त्यावर तो एच/टीपेक्षा थोडा कमी आणि चिखलात एम/टीपेक्षा थोडा कमी पडतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात पिकअप ही शेताबरोबरच घरची गाडी झाली, तेव्हा हा प्रकार रुजला. आठवडाभर डांबरी रस्ता आणि सुटीत कच्चा रस्ता, अशा वापरासाठी केलेली ती तडजोड होती.

ए/टीमध्येही प्रत्येक टायर वेगळा आहे. अपोलोचा ‘अ‍ॅप्टेरा ए/टी २’, जेके टायरचा ‘रेंजर ए/टी’, योकोहामाचा ‘जिओलँडर ए/टी’ आणि बीएफगुडरिचचा ‘ऑल टेरेन टी/ए केओ २’ ही सगळी ए/टी मंडळी आहेत. पण त्यांची नक्षी, वजन, साइडवॉलची जाडी आणि स्वभाव एकसारखा नाही. काही रस्त्याकडे झुकलेले असतात, काही चिखलाकडे. त्यामुळे ‘ए/टी घ्यावा का’ एवढेच विचारून भागत नाही. तो कोणत्या बाजूला झुकलेला आहे, हेही विचारावे लागते.

रत्नागिरीत ए/टीची खरी गरज कोणाला?

जिल्ह्यातील पिकअपचे तीन मोठे गट पाडता येतात. पहिला गट मालवाहू पिकअपचा. मिरकरवाडा बंदरातून मासळी, बागेतून आंब्याच्या पेट्या, खाणीवरून चिरे. दुसरा गट बागायतदारांचा. गाडी रस्त्यावरच धावते, पण शेवटचे एक-दोन किलोमीटर कातळावरून किंवा लाल मातीच्या वाटेने वाडीपर्यंत जावे लागते. तिसरा गट इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या हौशी पिकअपचा.

ए/टीचा खरा उपयोग दुसऱ्या गटाला होतो. जांभ्याचा कातळ वरून सपाट दिसतो, पण त्याच्या कडा धारदार असतात. साध्या टायरची साइडवॉल अशा कडेला घासली तर चिरते आणि साइडवॉल चिरलेल्या टायरला पंक्चरवाल्याकडे खात्रीचा इलाज नसतो. जाड साइडवॉल आणि खांद्यावर ठोकळे असलेला ए/टी इथे पैसे वसूल करून देतो. चिरेखाणीवर रोज जाणाऱ्या गाडीलाही हेच लागू पडते.

आंब्याच्या पेट्या घेऊन रात्री वाशीच्या बाजार समितीकडे निघणाऱ्या गाडीचे गणित निराळे आहे. तिचा जवळपास सगळा प्रवास महामार्गावर होतो. मुंबई-गोवा महामार्गाचे रखडलेले चौपदरीकरण, मधले वळणमार्ग आणि खड्डे हे सगळे खरे असले, तरी त्यासाठी चिखलाची नक्षी लागत नाही. त्या गाडीला वजन पेलणारा, कमी तापणारा आणि ओल्या रस्त्यावर पकड ठेवणारा टायर लागतो.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालता येईल म्हणून ए/टी घेणारेही आहेत. भुसभुशीत वाळूत नक्षीपेक्षा टायरमधील हवेचा दाब आणि चारही चाकांना मिळणारी ताकद जास्त महत्त्वाची असते. जाड ठोकळे उलट वाळू खणतात आणि चाक खाली रुतते. शिवाय वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. अशा वाळूवर गाडी नेणे हे टायर कोणताही असला तरी चूकच आहे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. मालवाहू पिकअप बहुतांश फक्त मागच्या दोन चाकांवर चालतात. ए/टी टायर टाकल्याने अशी गाडी ‘फोर बाय फोर’ होत नाही. रिकामी असताना मागचा भाग हलका पडतो आणि ओल्या चढावर चाक जागीच फिरू शकते. पाखाडीच्या दगडावर शेवाळ धरले असेल, तर त्यावर कोणत्याही कंपनीची नक्षी टिकत नाही.

आवाज येतो कुठून?

वेग ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे गेला, की एका गतीने चाललेल्या गाडीत टायरचा आवाज इंजिनाला मागे टाकू लागतो. त्याची तीन प्रमुख कारणे आहेत. नक्षीचा प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो. खाचांमध्ये अडकलेली हवा दाबली जाते आणि पिचकारीसारखी बाहेर सुटते. आणि या धक्क्यांनी टायरची साइडवॉल व आतली हवा थरथरते, तीच थरथर गाडीच्या सांगाड्यातून कानापर्यंत येते.

हे आकड्यात पाहता येते. २६५/६० आर १८ या मापाच्या टायरचा बाह्य व्यास सुमारे ७७५ मिलिमीटर, म्हणजे घेर साधारण २.४ मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगाने तो सेकंदाला सुमारे ९ फेरे घेतो. घेरावर एका ओळीत ६० ठोकळे आहेत असे धरले, तर सेकंदाला जवळपास साडेपाचशे ठोकळे रस्त्यावर आपटतात. ठोकळे एकाच लांबीचे असतील, तर हे सगळे आपटणे मिळून एक ठरावीक सूर तयार होतो. महामार्गावर ऐकू येणारी ‘घोंऽऽ’ अशी गुणगुण ती हीच.

चांगले उत्पादक म्हणूनच ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवतात. मग आवाज एका सुरावर न साचता अनेक सुरांत विखुरतो आणि कानाला कमी टोचतो. टायर शांत करण्याच्या युक्त्यांपैकी ही सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती दुकानात उभे राहून डोळ्यांनी तपासता येते.

रस्त्याचाही यात वाटा असतो. मुंबई-गोवा महामार्गावर जिथे काम पूर्ण झाले आहे, तिथे काँक्रीट आले आहे. पकडीसाठी काँक्रीटवर रेघा ओढलेल्या असतात आणि त्यामुळे तोच टायर डांबरावर गप्प, तर काँक्रीटवर बोलका होतो. डांबरी रस्त्यावर चक्कर मारून ‘आवाज नाही’ असे ठरवणे म्हणूनच फसवे ठरते. हातखंब्याकडे जाऊन महामार्गावरच्या काँक्रीटवर ताशी ६० ते ८० या वेगाने चालवून पाहिलेला टायरच खरे काय ते सांगतो.

हा केवळ चैनीचा प्रश्न नाही. रत्नागिरी ते नवी मुंबई हे अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रात्रभर कानाशी एकसुरी घरघर असेल तर चालक लवकर थकतो. पहाटे झोप अनावर होण्याच्या वेळी हा थकवा धोक्याचा असतो. त्यामुळे मालवाहू पिकअपच्या चालकासाठी शांत टायर मागणे ही हौस नाही, सुरक्षेची मागणी आहे.

शांत ए/टी ओळखायचा कसा?

चार गोष्टी डोळ्यांनी दिसतात. एक, टायरच्या मध्यभागी सलग किंवा जवळजवळ जोडलेली पट्टी आहे का? मधला भाग रस्त्याला सतत टेकलेला राहिला तर आपटणे कमी होते. दोन, ठोकळ्यांमधील मोकळी जागा किती? जितकी रुंद, तितका चिखल सहज सुटतो आणि तितकाच आवाज वाढतो. तीन, ठोकळ्यांची लांबी सगळीकडे सारखी आहे की बदलती? चार, ठोकळ्यांवर बारीक चिरा आहेत का? या चिरा ठोकळ्याला लवचीक करतात, त्यामुळे आपटणे मऊ होते आणि ओल्या रस्त्यावर पकडही वाढते.

नवा असताना शांत असलेला टायर पंधरा-वीस हजार किलोमीटरनंतर बोलू लागतो, ही नेहमीची तक्रार. त्यात बहुधा नक्षीचा दोष कमी आणि देखभालीचा जास्त असतो. ठोकळ्याची एक कड जास्त आणि दुसरी कमी झिजली, की टायर करवतीच्या दात्यांसारखा होतो. तळहात घेरावर एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवला तर हा फरक लगेच जाणवतो. ए/टीच्या मोठ्या ठोकळ्यांत ही झीज लवकर होते. त्यावर उपाय साधा आहे. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे टायर अदलाबदल करणे, अलाइनमेंट तपासणे आणि हवा योग्य ठेवणे.

कधी कधी दोष टायरचा नसतोच. रस्ता बदलल्यावर आवाज बदलत असेल तर तो टायरचा. रस्ता तोच असताना, फक्त वळण घेताना आवाज कमी-जास्त होत असेल तर चाकाच्या बेअरिंगकडे पाहावे. नवा संच विकत घेण्याआधी ही तपासणी केली तर मोठा खर्च वाचू शकतो.

खोल नक्षी म्हणजे पावसात जास्त पकड?

निवडीत सर्वाधिक गफलत इथे होते. खोल खाचा असलेला टायर पावसात चांगला, असे सरसकट मानले जाते. त्यात अर्धे तथ्य आहे. रस्त्यावर पाणी साचले असेल, तर खोल आणि रुंद खाचा ते बाजूला सारतात आणि टायर पाण्यावर तरंगण्याचा धोका कमी होतो.

पण घाटात बहुतेक वेळा पाणी साचत नाही, वाहून जाते. मागे उरतो तो पाण्याचा पातळ थर आणि डोंगर कापलेल्या जागी त्यात मिसळलेला लाल मातीचा लेप. अशा रस्त्यावर ब्रेक लागण्यासाठी रबर रस्त्याला जास्तीत जास्त चिकटावे लागते. ते अवलंबून असते रबराच्या मिश्रणावर, बारीक चिरांवर आणि प्रत्यक्ष टेकलेल्या रबराच्या क्षेत्रावर. ठोकळे मोठे आणि मोकळी जागा जास्त असेल, तर टेकलेले रबर कमी. एम/टी आणि चिखलाकडे झुकलेले ए/टी इथेच मागे पडतात.

फरक किती पडू शकतो, हे साध्या गणिताने समजते. ओल्या रस्त्यावर एका टायरचा घर्षण गुणांक ०.६ आणि दुसऱ्याचा ०.५ आहे, असे समजा. ताशी ६० किलोमीटर वेगातून पूर्ण ब्रेक लावल्यास पहिली गाडी सुमारे साडेतेवीस मीटरवर थांबेल, दुसरी सुमारे सव्वाअठ्ठावीस मीटरवर. फरक जवळपास एका पिकअपच्या लांबीइतका. परशुराम, कुंभार्ली किंवा आंबा घाटाच्या उतारावर तो आणखी वाढतो.

टायरवरील काही खुणा इथे निरुपयोगी आहेत, हेही सांगायला हवे. ‘एम प्लस एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ. तीन शिखरांच्या आत हिमकण असलेले चिन्ह म्हणजे कडक हिवाळ्यातील बर्फासाठीची चाचणी उत्तीर्ण. काही आयात ए/टी टायरवर ते अभिमानाने छापलेले असते. रत्नागिरीत बर्फ दिसतो तो मासळीच्या क्रेटमध्ये. त्या चिन्हासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

झिजलेल्या टायरची गोष्ट वेगळी. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. खाचांच्या तळाशी असलेल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत झीज पोचली, की ही मर्यादा गाठली असे समजावे. पण ही कायद्याची किमान रेषा आहे. कोकणातील पावसाळ्यासाठी ३ मिलिमीटर उरले की टायर बदलायचा विचार करणे शहाणपणाचे. मार्चमध्ये ‘अजून एक हंगाम जाईल’ असे वाटणारा टायर जुलैत दगा देऊ शकतो.

वजनाचा आकडा का पाहायचा?

टायरच्या मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असते. उदाहरणार्थ ११० टी. यातील ११० हा भार निर्देशांक. त्याचा अर्थ, योग्य हवा असताना तो एक टायर १,०६० किलो पेलू शकतो. १०४ म्हणजे ९०० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. अक्षर वेगाची मर्यादा सांगते, ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटर.

वेगाचे अक्षर कोकणातील पिकअपला सहसा अडचणीचे ठरत नाही. आकडा मात्र ठरतो. समजा, भरलेल्या पिकअपच्या मागच्या एक्सलवर दोन टन भार येतो. तिथे १०४ निर्देशांकाचे दोन देखणे टायर टाकले, तर त्यांची एकत्रित क्षमता १,८०० किलो. गाडी निघण्याआधीच टायरवर २०० किलो जादा. त्यात हवा थोडी कमी असेल तर साइडवॉल सतत दुमडते, टायर तापतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात फुटण्याची शक्यता वाढते.

मालवाहू पिकअपसाठी म्हणूनच ‘एलटी’ किंवा मापापुढे ‘सी’ लिहिलेले व्यावसायिक बांधणीचे टायर येतात. ते जास्त हवा आणि जास्त वजन सहन करतात. तोटा असा, की ते कडक असतात. रिकामी गाडी जास्त आपटते आणि आवाजही थोडा वाढतो. हौशी पिकअपला अशी जड बांधणी बहुधा लागत नाही. मालवाहू पिकअपला मात्र तिच्याशिवाय पर्याय नाही. इथे शांतता आणि रूप दोन्ही बाजूला ठेवावे लागतात.

मोठा टायर टाकला तर?

रांगडेपणासाठी एक माप मोठा टायर टाकण्याची पद्धत आहे. २६५/६५ आर १७ च्या जागी २६५/७० आर १७ टाकला, तर व्यास ७७६ वरून ८०३ मिलिमीटरच्या आसपास जातो. गाडीची उंची वाढते ती त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम १३-१४ मिलिमीटर. बदल्यात स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा खरा वेग सुमारे ८३ असतो. चाक जड झाल्याने चढावर इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो, ब्रेकवर ताण येतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या अस्तराला घासू शकतो.

मोठ्या रिमचा मोहही तपासून पाहावा. २६५/६५ आर १७ आणि २६५/६० आर १८ यांचा बाह्य व्यास जवळपास सारखाच आहे. पण १८ इंची रिममध्ये साइडवॉलची उंची सुमारे १३ मिलिमीटरने घटते. खड्ड्याचा धक्का पेलायला तितके रबर कमी. खड्ड्यांच्या रस्त्यावर छोटी रिम आणि उंच साइडवॉल ही जोडी जास्त आरामदायी आणि रिम वाचवणारी आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. चालकाच्या दाराजवळील स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मापे, त्यांच्या आत राहणे हाच सोपा मार्ग. अपघातानंतर विमा दाव्याच्या वेळी मापावरून वाद होण्याची शक्यताही त्यामुळे टळते.

मग देखणेपणाचे काय?

देखणेपणाला शेवटचा क्रमांक देणे म्हणजे त्याला बाद करणे नव्हे. स्वतःच्या कमाईची गाडी रुबाबदार दिसावी, ही इच्छा रास्त आहे. पण बरेचसे रूप ज्या गोष्टींतून येते, त्यांचा पकडीशी किंवा आवाजाशी संबंध नसतो. खांद्यावरचे ठोकळे, साइडवॉलवरील उठावदार नक्षी, पांढरी अक्षरे. मधली पट्टी शांत आणि खांदे रांगडे, अशा रचनेचे ए/टी बाजारात आहेत. बाजूने पाहिले तर ते चिखलाच्या टायरसारखे दिसतात आणि रस्त्यावर एच/टीच्या जवळपास वागतात. ज्याला दोन्ही हवे आहे, त्याने हेच शोधावेत.

पांढऱ्या अक्षरांची बाजू आत ठेवायची की बाहेर, हे काही टायरमध्ये बसवतानाच ठरवता येते. जांभ्याच्या चिखलात ती अक्षरे पहिल्याच पावसात गुलाबी होतात, एवढे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा.

नियम काय सांगतात, ग्राहकाला काय दिसते?

भारतात टायरसाठी नियम नाहीत असे नाही. टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये अधिसूचना काढून ‘एआयएस १४२’ हे मानक लागू केले. कार, हलकी मालवाहू वाहने, ट्रक आणि बस यांच्या टायरना २०२२-२३ पासून टप्प्याटप्प्याने तीन कसोट्या लागू झाल्या. गडगडण्याचा रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज. म्हणजे कंपन्यांकडे प्रत्येक टायरची ही मोजमापे असायलाच हवीत.

पण रत्नागिरीतील ग्राहक दुकानात जातो, तेव्हा सर्वसाधारणपणे यातले काही त्याच्यासमोर नसते. टायर किमान मर्यादेत बसला, एवढेच गृहीत धरायचे. जेमतेम बसला की उत्तम बसला, हे कळायला मार्ग नाही. युरोपात २०१२ पासून टायरवर लेबल असते आणि मे २०२१ पासून त्याची नवी आवृत्ती आली. इंधनबचत आणि ओली पकड यांना श्रेणी आणि आवाजाचा डेसिबलमध्ये आकडा, हे ग्राहकाला खरेदीआधी दिसते. तो आकडाही नीट समजून घ्यावा लागतो. इंजिन बंद ठेवून ८० च्या वेगाने गाडी घरंगळत जाते आणि साडेसात मीटर अंतरावरच्या माइकवर आवाज मोजला जातो. म्हणजे हा गाडीबाहेरचा आवाज. चालकाला आत किती ऐकू येईल, ते गाडीवरही अवलंबून असते. पण दोन टायरची तुलना करायला तो पुरतो. शिवाय पाली, संगमेश्वर, लांजा अशा महामार्गालगतच्या गावांत रात्री झोपणाऱ्यांना हाच बाहेरचा आवाज ऐकावा लागतो.

फ्रिजवर तारे पाहून खरेदी करणाऱ्या ग्राहकाला टायरवर ओल्या पकडीची श्रेणी वाचता येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. चाचणी सक्तीची असेल, तर तिचा निकाल दुकानात दाखवणेही सक्तीचे हवे. तोवर ग्राहकाने विक्रेत्याकडे आणि कंपनीच्या ग्राहक सेवेकडे ही माहिती मागावी. मागणाऱ्यांची संख्या वाढली, की ती देणेही कंपन्यांना भाग पडेल.

दुकानात जाण्यापूर्वी

१. गेल्या वर्षभरात गाडी कच्च्या रस्त्यावर किती चालली, याचा प्रामाणिक हिशेब करावा. दहा किलोमीटरमागे एकापेक्षा कमी असेल तर चांगला एच/टी किंवा रस्त्याकडे झुकलेला ए/टी पुरतो.

२. गाडीच्या स्टिकरवरील माप आणि भार निर्देशांक यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. नव्या टायरचा निर्देशांक त्यापेक्षा कमी नसावा.

३. साइडवॉलवरील चार आकडी तारीख वाचावी. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. दीड-दोन वर्षे गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नये.

४. त्याच मापाचे, तोच टायर टाकलेले वाहन काँक्रीटवर चालवून पाहता आले तर उत्तम. किमान दहा-पंधरा हजार किलोमीटर झालेल्या टायरचा अनुभव एखाद्या चालकाला विचारावा. नव्या टायरचे कौतुक सगळेच करतात.

५. चारही टायर एकाच प्रकारचे असावेत. पुढे एच/टी आणि मागे ए/टी अशी जोडी ओल्या वळणावर गाडीचा तोल बिघडवू शकते. नव्या टायरवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवावे.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात रस्ता खचला आणि अवजड वाहतूक बंद ठेवावी लागली. त्याच महिन्यात चिपळूण पाण्याखाली गेले. अशा रस्त्यांवर रोजीरोटीसाठी गाडी चालवणाऱ्याला ‘कोणत्याही रस्त्यावर चालणारा’ टायर हवासा वाटणे स्वाभाविक आहे. पण खचलेला रस्ता टायरने दुरुस्त होत नाही. रस्ता धड ठेवणे हे सरकारचे काम आहे, टायरची खरी माहिती देणे कंपन्यांचे आणि ती वाचून क्रम लावणे ग्राहकाचे. पाऊस, वजन, आवाज आणि रूप या क्रमाने निवडलेला टायर कदाचित फोटोत दुसरा येईल. घाटाच्या उतारावर, भरलेल्या गाडीसमोर अचानक कुणी आले, तर मात्र तोच आधी थांबेल.